पारदर्शक स्लॉट कार बॉडी : रंगकाम आणि डेकल, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकवरच्या खाचेतून विजेवर धावणारी छोटी गाडी, आणि डेकल म्हणजे तिच्यावर चिकटवायचे छापील आकडे, चिन्हं. इथली उत्तरं १/२४ आणि १/३२ मापाच्या, तापवून साच्यावर ओढलेल्या पातळ पारदर्शक बॉडीबद्दल आहेत. स्कॅलेक्स्ट्रिक किंवा कॅरेराच्या तयार गाड्यांची जाड प्लास्टिकची बॉडी बाहेरून रंगवतात, तिला यातले निम्मे नियम लागू नाहीत. सोलापूरची हवा, पाणी आणि बाजार जिथे कामात आडवे येतात तिथे तसं सांगितलं आहे.

रंग आतून का द्यायचा?

ट्रॅकवर गाडी आपटते, उलटते, शेजारच्या गाडीला घासते. बाहेरचा रंग टिकणार नाही. आतून दिला की घासाघीस प्लास्टिक सोसतं आणि वर त्याची चकाकी आयती मिळते. दुकानाच्या काचेवर आतल्या बाजूने नाव रंगवणारा पेंटर जसा उलट क्रमाने काम करतो, तसंच हे. डोळ्याला सगळ्यात पुढे जे दिसायला हवं ते सगळ्यात आधी रंगवायचं. म्हणजे बाहेरून दिसतो तो पहिला हात. तो बिघडला तर मागून कितीही हात द्या, चूक तशीच दिसत राहते. सगळी काळजी पहिल्या दहा मिनिटांत घ्यायची ती यासाठी.

बॉडी लेक्सानची की पीईटीजीची, याने काय फरक पडतो?

लेक्सान हे पॉलिकार्बोनेटचं व्यापारी नाव. ते चिवट असतं आणि साधारण १४७ अंश सेल्सिअसपर्यंत मऊ पडत नाही. पीईटीजी हे दुसरं पारदर्शक प्लास्टिक, ते ८० अंशांच्या आसपासच ढिलं पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद चारचाकीत डॅशबोर्डवर पीईटीजीची बॉडी ठेवली, तर संध्याकाळी तिचा आकार बदललेला सापडू शकतो. हेअर ड्रायरही तिच्यावर जपूनच.

जाडी बहुतेक वेळा इंचात लिहिलेली असते. ०.००७ म्हणजे ०.१८ मिमी, ०.०१० म्हणजे ०.२५ मिमी, ०.०१५ म्हणजे ०.३८ मिमी. पहिल्यांदा रंगवणाऱ्याने ०.०१० किंवा ०.०१५ घ्यावी. ०.००७ हातात धरली तरी वाकते आणि मास्क (रंग नको तिथे लावायचं झाकण) कापताना ब्लेड आरपार जातं.

कोणता रंग चालतो? गॅरेजमधला डुको चालेल का?

डुको नको, एनसी थिनर तर मुळीच नको. दोन्हींतली द्रावकं पॉलिकार्बोनेटला चावतात. प्लास्टिक पांढुरकं पडतं, बारीक भेगा येतात आणि पहिल्या धक्क्याला बॉडी तडकते. स्टायरिनच्या मॉडेलचे रंगही नकोत. सुरुवातीला ते छान दिसतात, पण बॉडी वाकली की पापुद्रे सुटतात. टामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या स्प्रे डब्यांत हा घोटाळा हमखास होतो. टीएस मालिका स्टायरिनसाठी आहे, पॉलिकार्बोनेटसाठी पीएस. डबे सारखेच दिसतात, म्हणून अक्षरं वाचूनच पैसे द्या.

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन) असेल तर पाण्यात मिसळणारे, पॉलिकार्बोनेटवर चालणारे रंग घ्या. फासकलर आणि क्रिएटेक्स हे त्यातले जुने, खात्रीचे. रंग कोणताही असो, बॉडीभोवतीच्या फालतू काठाचा तुकडा कापून त्यावर आधी लावून पाहा. एक दिवस सुकू द्या, तुकडा पूर्ण दुमडा, मग त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढा. रंग पट्टीला आला तर तो रंग या कामाचा नाही. हीच परीक्षा पीईटीजीवर सक्तीची समजा, कारण द्रावकांपुढे ते जास्त लवकर हार मानतं.

बॉडी धुवायची कशी?

साच्यातून निघालेल्या बॉडीवर तेलकट थर असू शकतो आणि बोटांची चिकटाई असतेच. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने आतून धुवा. कोनाकोपरे, फेंडरचे खळगे, विंगची मुळं विसरू नका, रंग सुटायला सुरुवात तिथूनच होते. शेवटचं खळबळणं बोअरच्या पाण्याने करू नका. त्यातले क्षार वाळून पांढरे ठिपके राहतात आणि ते रंगाआडून कायमचे दिसतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी किंवा आरओचं पाणी एक ग्लासभर पुरतं.

आता पुसायचं कशाने? सोलापुरात हात आपसूक टेरी टॉवेलकडे जातो, आणि या कामाला त्याच्याइतकी वाईट वस्तू नाही. एकेका पुसण्यात त्याचे शेकडो तंतू सुटतात. शिवाय कोरड्या कापडाने घासलं की पॉलिकार्बोनेटवर स्थिर वीज जमते आणि हवेतली उरलीसुरली लव तेच ओढून घेतं. पुसूच नका. पाणी झटका, बॉडी काठावर उभी करून झाकलेल्या जागी वाळू द्या. यानंतर आतल्या बाजूला बोट लावायचं नाही.

रंगात लव आणि धुरळा बसतो. उपाय काय?

पूर्व भागात, यंत्रमागांच्या आसपास राहणाऱ्यांना हा त्रास जास्त. कापसाची लव उघड्या खिडकीतून येते आणि थेट ओल्या रंगावर उतरते. खिडक्या बंद कराव्या तर द्रावकाची वाफ कोंडते. मधला मार्ग म्हणजे पुठ्ठ्याचं मोठं खोकं. एक बाजू उघडी ठेवा, आतल्या भिंतींवर पाण्याचा हलका फवारा मारा म्हणजे उडणारा कचरा तिथेच चिकटतो, आणि खोकं गच्चीवर किंवा व्हरांड्यात वारा पडलेला असताना ठेवा. पाण्यात मिसळणाऱ्या रंगांसाठी बाथरूम उत्तम. आधी फरशी धुऊन घ्या, भिंती वाळू द्या, मग काम सुरू करा.

लव बसलीच तर ओल्या रंगात चिमटा घालू नका. सुकल्यावर लाकडी टूथपिकने तेवढाच ठिपका खरवडून काढा आणि त्या जागी पुन्हा पातळ हात द्या. आतून दिलेल्या रंगात एवढी सोय आहे की पुढच्या हातात डाग मिसळून जातो. मात्र तो पहिल्या हातातला, बाहेरून दिसणारा नसावा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात फवारणी करावी का?

करता येते, पण सकाळी सहा ते आठ. पारा ४२-४४ वर असताना दुपारी फवारलं तर थेंब बॉडीपर्यंत पोहोचण्याआधीच अर्धे सुकतात आणि भुकटी होऊन बसतात. बाहेरून रंग भुरकट दिसतो, कारण प्लास्टिक आणि रंग यांत हवेच्या बारीक फटी राहतात. नेहमी २०-२५ सेंमीवरून स्प्रे मारत असाल तर उन्हाळ्यात १५ सेंमीवर या. एअरब्रशचं टोक सारखं सुकत असेल तर रंगात रिटार्डरचे (रंगाचं सुकणं लांबवणारं द्रव) एक-दोन थेंब घाला आणि मधूनमधून ओल्या ब्रशने टोक पुसा.

थंडीत डबा कोमट पाण्यात बुडवून घ्या असं परदेशी सूचनांत वाचायला मिळतं. इथे एप्रिल-मेमध्ये तसं अजिबात करू नका. डब्यातला दाब आधीच चढलेला असतो. पत्र्याच्या खोलीत किंवा स्कूटरच्या डिकीत डबे ठेवू नका, ५० अंशांच्या वर ते धोक्याचे आहेत.

खोलीतला कूलर मात्र आठवणीने बंद करा. तो हवेत पाणी सोडतो आणि द्रावकाचा रंग सुकताना थंड झालेल्या पृष्ठभागावर ते दव धरतं. त्यातून दुधी झाक येते. पावसाळ्यातली झाक येते ती याच कारणाने. रिमझिम चालू असेल तर कापायचं, मास्क लावायचं काम करा आणि रंग उघडीप मिळाल्यावर द्या. या कामाला सगळ्यात चांगली हवा नोव्हेंबरपासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या पुढेपर्यंत असते.

रंगांचा क्रम कसा ठरवायचा?

साधारण नियम : गडद आधी, फिका नंतर. पिवळा आधी देऊन त्यामागे काळा गेला तर पिवळा मळकट दिसतो, कारण पातळ थरातून मागचा रंग झिरपून दिसतो. उलट केलं तर काळ्यामागे पिवळा गेल्याने काही बिघडत नाही. नक्षीमुळे फिका आधी द्यावाच लागला तर त्याच्या मागे पांढऱ्याचा बंद, म्हणजे पूर्ण झाकणारा, हात देऊन मगच गडद भागावरचा मास्क उघडा.

एक उदाहरण घेऊ. लाल गाडी, मधोमध पांढरा पट्टा, पट्ट्याच्या दोन्ही कडांना बारीक काळी रेघ. आतून पूर्ण मास्क केल्यावर :

१. फक्त काळ्या रेघांवरचा मास्क काढा. काळ्याचे दोन धुरकट हात, मग एक बंद हात.
२. लाल भागावरचा मास्क काढा. लाल द्या. तो काळ्या रेघांच्या मागे गेला तरी चालतो.
३. पट्ट्यावरचा मास्क काढा आणि पांढरा संपूर्ण बॉडीला आतून द्या. इथे एका हातात दोन कामं होतात. पट्टा पांढरा होतो आणि लालला पांढरं अस्तर मिळून तो उजळतो.
४. शेवटी चंदेरीचा एक पातळ हात, म्हणजे आतली मोटर आणि तारा उजेडात आरपार दिसत नाहीत.

फ्लोरोसंट रंगाला पांढरं अस्तर अनिवार्य, नाहीतर तो मेलेला दिसतो. कँडी, म्हणजे पारदर्शक छटेच्या, रंगामागे चंदेरी. टामियात पांढरा पीएस-१, काळा पीएस-५, चंदेरी पीएस-१२.

किती हात, किती रंग?

पहिले दोन हात इतके पातळ की त्यातून पलीकडचं दिसावं. दोन हातांमध्ये पाच ते दहा मिनिटं. पहिलाच हात ओला, जाड दिला की ओघळ येतात आणि रंग मास्कखाली शिरतो. एअरब्रशला ०.३ मिमीचं नोझल, २० ते २५ पीएसआय दाब, अंतर १० सेंमीच्या आसपास. १/२४ च्या बॉडीला एका रंगाचे ३ ते ५ मिली पुरतात. मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणा, मोजायला सोपं जातं. शर्यतीची गाडी असेल तर रंगाचंही वजन होतं आणि तेही उंचावर, जिथे ते नकोच. सोनारी काट्यावर रंगाआधी आणि नंतर बॉडी तोलून पाहा. एक हात जास्त झाला की आकडा लगेच सांगतो.

मास्किंग टेप, लिक्विड मास्क की व्हिनाइल?

सरळ पट्ट्यांना आणि काचांना मॉडेलची पिवळी मास्किंग टेप. गॅरेजमधली खरबरीत टेप नको, तिच्या सुरकुत्यांतून रंग आत शिरतो. टेप बसवल्यावर कड नखाने नाही, लाकडी काडीच्या गोल टोकाने दाबा.

ज्वाला, वळणं, गुंतागुंत असेल तर लिक्विड मास्क, म्हणजे सुकल्यावर पापुद्र्यासारखा सोलून निघणारा द्रव. तीन-चार हात द्या आणि प्रत्येक हात पूर्ण सुकू द्या. पातळ लावलेला मास्क सलग सुटत नाही, तुकड्यातुकड्याने कुरतडत बसावं लागतं. उन्हाळ्यात वरून कातडी धरते आणि आत ओलं राहतं, म्हणून रात्रभर ठेवा. कापायला दरवेळी नवं ब्लेड लावा आणि ब्लेडच्या वजनाइतकाच दाब द्या. फक्त मास्क कापायचा आहे. प्लास्टिकवर उमटलेला चरा आज दिसत नाही, पण पहिल्या आपटीत तडा तिथूनच धावतो.

तिसरा मार्ग आपल्याकडे स्वस्त आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटची अक्षरं कापणारा रेडियमवाला प्लॉटरवर हवा तो मास्क कापून देतो. त्याला कोरलड्रॉची फाइल द्या, माप मिलिमीटरमध्ये लिहा, आणि मास्क आतून लागणार असल्याने नक्षी आरशातल्यासारखी उलटी करून द्या. हे सांगायचं राहिलं तर नंबर उलटा येतो. त्याच्याकडच्या साध्या व्हिनाइलचा गोंद दणकट असतो. मास्क आधी स्वच्छ काचेवर दोन-तीनदा चिकटवून काढा, जोर कमी होतो. बॉडीवर लावल्यावर काम त्याच दिवशी उरका. उन्हाळ्यात दोन दिवस राहिला तर गोंद बॉडीवरच उरतो. उरलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या बोळ्याने काढा. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही नको.

रंग मास्कखाली शिरला. आता?

सुकू द्या. ओला असताना पुसलात तर डाग पसरतो. मग टूथपिकचं टोक चपटं करून कडेकडेने खरवडा. पाण्यातला रंग ताजा असेल तर आयसोप्रोपिलने ओलसर केलेला इअरबडही चालतो, पण शेजारचा रंग जपून. पुढच्या वेळी टेप लावल्यावर आधी पॉलिकार्बोनेटवर चालणाऱ्या पारदर्शक रंगाचा अगदी पातळ हात कडेवर मारा. फट त्यानेच बुजते.

बाहेरच्या बाजूला रंग उडू नये म्हणून?

टामियाच्या आरसी (रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या) बॉडीवर बाहेरून संरक्षक फिल्म येते, स्लॉट कारच्या बॉडीला बहुधा नसते. बाहेरून स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळा आणि कडा टेपने बंद करा. बॉडी काठासकट असतानाच रंगवा. काठ हाताला धरायला उपयोगी पडतो. वळणदार कात्रीने कापायचं काम रंग पूर्ण सुकल्यावर.

दारांच्या, बॉनेटच्या रेघा मार्करने आतून काढल्या तर?

द्रावकाचा रंग मार्करची शाई विरघळवतो आणि रेघ निळसर-जांभळी पसरते. पाण्यातल्या रंगामागे बहुधा टिकते, तरी फालतू काठावर आधी करून पाहा. नाहीतर रेघा बाहेरून, सगळं झाल्यावर. पुसल्या गेल्या तर पुन्हा काढता येतात.

डेकल आतून लावायचे की बाहेरून?

शर्यतीच्या गाडीला बाहेरून व्हिनाइल स्टिकर. कपाटात ठेवायच्या गाडीला बाहेरून पाण्याचे डेकल (पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचे), वर वार्निश. आतून लावायचा हट्ट बहुतेकांनी धरू नये. आतून लावायचे तर छपाई पारदर्शक कागदावर आणि आरशातल्यासारखी उलटी हवी. पांढऱ्या फिल्मचा कागद घेतला तर फिल्मच शाईच्या पुढे येते आणि बाहेरून नुसता पांढरा चौकोन दिसतो. शिवाय मागून पीएससारखा द्रावकाचा रंग मारला की डेकल सुरकुततो. पाण्यातला रंग पातळ हातांनी दिला तर जमतं.

पाण्याचे डेकल बाहेरून नीट कसे बसवायचे?

बाहेरची बाजू आयसोप्रोपिलने स्वच्छ करा. डेकल कडेला अर्धा मिमी सोडून कापा, कोपरे गोल करा. कोमट पाण्यात २० ते ३० सेकंद बुडवून ताटलीत मिनिटभर ठेवा, कागदावरून आपोआप सरकू लागेपर्यंत. जागेवर पाण्याचा थेंब ठेवा, डेकल कागदासकट जवळ न्या आणि ओल्या ब्रशने सरकवा. मधून कडेकडे पाणी काढा. डेकलखाली हवा राहिली की तिथे चंदेरी झाक दिसते. सुईने टोचून मायक्रो सेटचा (डेकल बसवायचं द्रावण) थेंब सोडला की ती बसते. कडक सॉफ्टनर उघड्या पॉलिकार्बोनेटवर आधी काठाच्या तुकड्यावर तपासल्याशिवाय नको.

रात्रभर वाळल्यावर पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक वार्निशचे दोन पातळ हात, डेकलच्या कडेबाहेर चार-पाच मिमीपर्यंत. वार्निशशिवाय डेकल पॉलिकार्बोनेटवर फार काळ धरत नाहीत, बोटानेच निघतात.

डेकल सोलापुरात छापून मिळतील का?

व्हिनाइल स्टिकर कोणताही फ्लेक्सवाला छापून देतो. त्याला कास्ट व्हिनाइल आहे का विचारा. नेहमीचं कॅलेंडर्ड व्हिनाइल साधारण ७०-८० मायक्रॉनचं असतं, ते फेंडरच्या गोलाईवर ताणून बसवलं की काही दिवसांत आकसतं आणि कडा उठतात. कास्ट ५० मायक्रॉनच्या आसपास, पातळ आणि निमूट. सपाट दारावर साधंही चालतं.

पाण्याच्या डेकलचा कागद मागवून घरी छापता येतो. इंकजेटची छपाई पाण्यात टाकण्याआधी पारदर्शक ॲक्रिलिकने बंद करावी लागते, नाहीतर शाई वाहते. लेझरला त्याची गरज नाही. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, तेव्हा लाल बॉडीवर पांढरा नंबर हवा असेल तर पांढऱ्या फिल्मचा कागद घ्या आणि नंबराच्या कडेने काटेकोर कापा, किंवा पांढरा गोल आतून रंगवून वर काळा आकडा लावा. दुसरा मार्ग देखणा.

माप काढायला खऱ्या गाडीवरचं माप मिलिमीटरमध्ये घेऊन २४ किंवा ३२ ने भागा. ४८ सेंमीचा गोल १/२४ मध्ये २० मिमी होतो, १/३२ मध्ये १५ मिमी.

व्हिनाइल लावताना फुगे राहतात.

ओलं लावा. २०० मिली पाण्यात लिक्विडचा एक थेंब, बॉडीवर हलका फवारा, स्टिकर ठेवून सरकवा आणि जुन्या एटीएम कार्डाला मऊ कापड गुंडाळून मधून बाहेर पाणी काढा. गोलाईवर हेअर ड्रायर हलका फिरवा, एका जागी धरू नका. सुकेपर्यंत ट्रॅकवर नाही.

आतल्या बाजूला फेव्हिक्विक वापरलं आणि काच धुरकट झाली.

त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते आणि ती निघत नाही. ड्रायव्हरचा ट्रे (ड्रायव्हरची आकृती असलेला आतला तुकडा) बसवायला दुहेरी चिकटपट्टी किंवा रबरासारखा राहणारा गोंद वापरा. बॉडीला आतून मजबुतीची टेप लावायची असेल तर रंगाला दोन दिवस द्या, नाहीतर टेपबरोबर रंग सोलून येतो. बॉडी चॅसीला अडकवायच्या पिनांची भोकं पडतात त्या जागा आधीच मास्क करून बिनरंगाच्या ठेवल्या तर टेप थेट प्लास्टिकला धरते.

ड्रायव्हरचा ट्रे आतून की बाहेरून?

वरून. तो खिडकीतून वरच्या बाजूनेच दिसतो आणि त्याला चकाकी नकोच असते.

मास्क कोणता घालायचा, तोंडाला?

पीएससारख्या द्रावकाच्या रंगाला ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा. कापडी किंवा सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही. पाण्याच्या रंगालाही एन-९५ हवाच, कारण फवाऱ्याचे कण फुप्फुसात जातात. देवघरात दिवा किंवा शेजारच्या ओट्यावर गॅस चालू असेल तर डबा उघडायचा नाही.

स्प्रेचे डबे कुरिअरने मागवता येतात का?

दाबाखालचे डबे विमानातून नेण्यावर बंधनं आहेत, म्हणून रस्त्याने पाठवणाऱ्या विक्रेत्याकडूनच मागवा आणि काही दिवस जास्त धरा. शर्यत जवळ आली असेल तर पाण्यातले बाटलीबंद रंग हा सोपा मार्ग, त्यांना ही अडचण नाही.